कवळी कुणी हरवली

वर्षातून एकदा मला घरकामात हातभार लावायचा झटका येतो, आणि त्या दिवशी घराचं नुकसान ठरलेलं. त्या दुपारी जेवणानंतर मी टेबल पुसलं आणि चुरगळलेले कागदी रुमाल गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो. त्यातल्या एकात आप्पांची कवळी होती. हे मला संध्याकाळी उमगलं, सगळं घर पलंगाखाली वाकून शोधत असताना. मीही वाकलो. टॉर्च घेऊन.

“ठेवली असेल कुठेतरी आणि विसरले असतील,” काकू म्हणाली. दात आप्पांचे गेले, तोंड मात्र माझं बंद.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. जन्मभर कुलपांचं दुकान. कुलूप कानाशी धरून हलवायचे आणि आतला बिघाड सांगायचे. किल्ली हरवलेली कपाटं उघडायला लोक त्यांना घरी न्यायचे. आप्पा कपाट उघडायचे आणि आत न बघता पाठ फिरवायचे.

नवी कवळी ‘पुढच्या महिन्यात’ करायची ठरली आणि तो महिना काही उजाडेना. आप्पा चहात बिस्किटं बुडवून, पातळ भात गिळून दिवस काढू लागले. चावायचं ते सगळं ताटात तसंच. “भूकच नाही रे,” म्हणायचे. मी म्हणायचो, “आप्पा, अंगाने हिरो झालात की!” ते बिचारे पट्ट्याला नवी भोकं पाडत होते.

मग कानस हातातून निसटू लागली. स्टुलावरून उठायला टेबलाचा आधार लागू लागला. एकदा किल्ली अर्धी घासून त्यांनी गिऱ्हाइकालाच विचारलं, “ही कशाची हो?” त्या रात्री चुलतभावाने दुकानाची किल्ली काढून घेतली. “बाबा, पुरे आता. स्वतःचे दात सापडत नाहीत, लोकांची कुलपं काय सांभाळणार?”

आप्पांनी किल्ली देऊन टाकली.

डॉक्टरबाईंनी आपली दोन बोटं पुढे केली. “दाबा जोरात.” आप्पांनी जीव खाऊन दाबली, बाईंना काही कळलंसुद्धा नाही. “स्नायू झडलेत यांचे. पोटात सत्त्व नाही, मग हातात जोर कुठून येणार आणि डोकं तरी कशावर चालणार? विसरणं वयाचंही असेल, ते तपासू. सुरुवात कधी झाली?”

“कवळी हरवली तेव्हापासून,” चुलतभाऊ म्हणाला. “तीच पहिली खूण.”

“कुठे ठेवली, अजून आठवत नाही,” आप्पा ओशाळून म्हणाले.

आता मात्र मला राहवेना. “कवळी मी फेकली. कचऱ्यात.”

काकूने असं पाहिलं की मला पुन्हा पलंगाखाली शिरावंसं वाटलं. आप्पा मात्र बोळकं उघडून हसले. “म्हणजे तेवढं तरी मी विसरलो नव्हतो!”

ओरडले असते तर बरं झालं असतं.

नवी कवळी आली, अंडी आली, डाळ घट्ट झाली, हात न टेकता खुर्चीतून उठायचा व्यायाम सुरू झाला. दुकानाची किल्ली परत मिळाली, सकाळपुरती, आणि सोबत मी. सगळं परतलं नाही. मधूनच आप्पा विचारतात, “अरे, जुनी कवळी मी कुठे ठेवली?” दर वेळी सांगतो, “तुम्ही नाही आप्पा, मी फेकली.” दर वेळी ते नव्याने हसतात.

काल विचारलं तेव्हा समोर माझे शाळेतले मास्तर कुलूप घेऊन उभे होते. मी म्हणालो, “बघतो आप्पा, सापडेल.”

“हल्ली फार विसरतो हो मी,” आप्पा मास्तरांना म्हणाले.

कालचं ते एक खरं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.