अण्णांच्या पाठीमागचा आवाज

मेथीची जुडी अर्धी निवडून झाली होती. पानं चाळणीत, काड्या पेपरवर. तेवढ्यात दारात जयदेव उभा राहिला. आत या म्हटलं तर आला नाही, चपलाही काढल्या नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी अवघड बोलायला आलाय.

जयदेव आमच्या बुवापाड्यातल्या विहार कमिटीचा सेक्रेटरी. त्याने गॅलरीच्या टोकाला एक नजर टाकली. तिथे खुर्चीत माझे सासरे शंकरराव पेपर घेऊन बसले होते. त्यांना सगळी चाळ अण्णा म्हणते, मीही अण्णाच म्हणते. जयदेवने आवाज खाली आणला.

"वहिनी, रविवारी बघितलंत ना? लोकांचं पाचवं शील अजून संपायचंय आणि अण्णांनी पुढचं सुरू केलं. पोरं हसली. एक-दोन म्हाताऱ्या तर मध्येच गप्प बसल्या."

"बघितलं," मी म्हटलं.

"पौर्णिमेला भन्तेजी येणारेत. बाहेरची माणसं येणारेत. त्यांच्यासमोर असं झालं तर हसं कुणाचं होईल? अण्णांचंच ना? तेव्हा पौर्णिमेच्या आत कानाचं काय ते करा. नाहीतर त्या दिवसापासून वंदना मी घेतो. कमिटीचं तसं ठरलंय."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"माझ्याच्याने नाही होणार, वहिनी. मला वंदना त्यांनीच शिकवलीय."

एवढं बोलून तो गेला. मेथी तशीच राहिली. त्या दिवशी मी वरणभातावर भागवलं आणि अण्णांना काही सांगितलं नाही.

विहारात वंदना सांगायचं अण्णांचं ते आसन म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही कळायचं नाही. विहाराच्या पायाचे दगड त्यांनी कंपनीतल्या मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी स्वतः वाहिले. पहिले वंदना घेणारे गुरुजी गेले, तेव्हापासून ते आसन अण्णांचं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, समोर बुद्धमूर्ती, पाठीमागे आम्ही सगळे. ते एक ओळ म्हणणार, मग आम्ही ती म्हणणार, आमचं संपलं की ते पुढची घेणार. सासूबाई वारल्या त्या आठवड्यातही त्यांनी रविवार चुकवला नाही. नोकरी सुटली, बायको गेली, गुडघे गेले. आता माणसाजवळ एवढंच राहिलं होतं.

सगळी उमर त्यांनी अंबरनाथच्या एका पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत, पॉवर प्रेसवर काढली. तिथे दिवसभर धाडधाड आवाज. शेजारच्या मशीनवरचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून सगळे कामगार ओठांनी आणि हातांनीच बोलायचे. अण्णा सांगायचे, साहेब समोर उभा असताना आम्ही त्याच्यावर जोक मारायचो आणि त्याला वाटायचं, पोरं पान चघळतायत. आम्ही हसायचो आणि विसरून जायचो. घरात ते टीव्हीचा आवाज बारीक ठेवून बातम्या बघायचे, मी समोर उभी राहून विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर द्यायचे. त्यामुळे मला वाटायचं, थोडंसं कमी ऐकू येत असेल, वयच आहे.

माझे मिस्टर, मुकेश, बदलापूरला कंपनीत आहेत. त्यांना मी जयदेवचं बोलणं सांगितलं तर ते भडकले. "दाखवतोच त्याला," म्हणाले आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन उल्हासनगरच्या मार्केटमध्ये गेले. तिथे एका मेडिकलच्या दुकानात काचेखाली कानाच्या मशीन मांडलेल्या. अण्णांनी लगेच सगळ्यात बारीक होती तिच्यावर बोट ठेवलं. चण्याएवढी, कातडीच्या रंगाची, कानात घातली की दिसायचीच नाही.

दुकानदार म्हातारा सिंधी गृहस्थ होता. म्हणाला, "टेस्ट कराया है? रिपोर्ट है? बिना रिपोर्ट मत लो भाई. कान में डाला हुआ माल वापस नहीं होता."

"वो सब बाद में," मिस्टर म्हणाले. "अण्णा, घालून बघा."

दुकानदाराने मशीन कानात बसवली आणि समोर उभं राहून विचारलं, "अंकल, आवाज आ रहा है?"

"एकदम क्लियर."

"कितने बच्चे हैं?"

"एकच. हाच. तोच डोकं खातोय."

सगळे हसलो. दुकानदारही हसला, पण आम्ही मशीन घेऊन निघताना मला म्हणाला, "भाभी, फिर भी टेस्ट करा लेना." मी मान हलवली. मनात म्हटलं, एवढं फटाफट उत्तर देतायत, आता टेस्ट कशाला?

रविवारी विहारात अण्णा ऐटीत बसले. वंदना सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला ते आमच्या आवाजावर चढले. तिसऱ्या ओळीला पुन्हा तेच. मी मागच्या रांगेत होते. हात जोडलेले, पण लक्ष सगळं त्यांच्या पाठीवर. मग ते नमस्काराला वाकले आणि कानातून कुकरच्या शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला. तो सगळ्या विहाराला ऐकू येत होता. फक्त अण्णांना येत नव्हता. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा मशीन सुटून फरशीवर पडली आणि घरंगळत जयदेवच्या पायाशी गेली. त्याने ती उचलून रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली. बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्टरांची वाट न बघता मी अण्णांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मळ काढून घेतला आणि त्यांनी लिहून दिलेल्या बदलापूरच्या तपासणी केंद्रात घेऊन गेले. तिथे नेत्रा मॅडम होत्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी नाव, गाव, काम, सगळं विचारलं. अण्णांनी सगळ्याची उत्तरं दिली. प्रेसचं काम सांगितलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, आता मी शब्द बोलते. तुम्ही फक्त तसेच म्हणा," असं म्हणून त्यांनी फाइल उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरली.

"पाऊस," त्या फाइलीमागून म्हणाल्या.

अण्णा गप्प.

"चमचा."

अण्णा गप्प. त्यांची नजर फाइलीवर. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या ओठांकडे. मला शब्द सांगावासा वाटला, पण मॅडमनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं.

"शाळा."

"माळा," अण्णा म्हणाले. मग हळू आवाजात, "फाइल काढा की बाई."

म्हणजे एवढी वर्षं हा माणूस आमचं बोलणं ऐकत नव्हता, बघत होता. आणि ज्यांचं ऐकायला हवं ते विहारातले लोक तर पाठीमागे बसलेले. पाठीला कुठले डोळे?

काचेच्या खोलीतली तपासणी झाली. मॅडमनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. जाड आवाज अजून येतात, पातळ आवाज गळून गेलेत. शब्द कापले जातात ते त्यामुळे. मोठ्या आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं म्हणाल्या. मग एक जोडी समोर ठेवली. कानामागे बसणारी, राखाडी, लांबूनही नजरेत येईल अशी, तिला नळी आणि नमुन्याचा कानात घालायचा साचा.

अण्णांनी हात मागे घेतला. "हे? हे घालून मी आसनावर बसू? मागची सगळी माझे कानच बघतील."

"काका, बारीक मशीनमध्ये एवढी ताकद नसते. ताकद वाढवली की शिट्टी मारते."

शिट्टीचं आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग मॅडमनी मला विचारलं, "त्यांना सगळ्यात जास्त कुठे ऐकायचंय? घरात? फोनवर?" आणि मी सगळं सांगितलं, आसन, ओळ, पाठीमागचे लोक. फक्त जयदेवची मुदत सांगितली नाही, अण्णा समोर होते.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. ह्या मशीन नेहमी समोरच्याचा आवाज जास्त घेतात, मागचा दाबतात. बाजारात ते सोयीचं असतं. तुमचं बरोबर उलटं आहे. मी दुसरी सेटिंग टाकून देते, चारी बाजूंनी घेणारी. विहारात बसलात की हे बटण एकदा दाबायचं. शब्द सगळे नीट कळतील असं मी म्हणत नाही. पण लोक म्हणतायत की थांबले, एवढं कळायला हवं. सध्या वापरून बघायला न्या, पौर्णिमेनंतर सांगा. साचा कानाचं माप घेऊन नंतर बनवू, तोवर ह्या रबराच्या टोप्या."

येताना रिक्षात अण्णा बाहेर बघत होते. पालेगावच्या नव्या बिल्डिंगा आल्या तेव्हा अचानक म्हणाले, "जयदेव चुकीचं नाही बोलला."

मी दचकले. "कधी बोलला?"

"तू मेथी निवडत होतीस तेव्हा. तोंड अर्धंच दिसत होतं, पण तेवढं पुरलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मग पुढे म्हणाले, "मागचं ऐकू येणं कधीच बंद झालंय, अस्मिता. ओळ म्हणायची, तीच परत मनात म्हणायची आणि पुढे जायचं. इतकी वर्षं बरोबर बसत होतं. आता माझ्याबरोबरची माणसं म्हातारी झाली. हळू म्हणतात. माझं मन काही हळू झालं नाही."

घरी आल्यावर सराव सुरू केला. ते घरातल्या बुद्धांच्या तसबिरीपुढे बसायचे, मी मागे भिंतीला टेकून. पण ते गणपतीचे दिवस होते. नाक्यावर ढोल-ताशा सुरू झाला की अण्णा दोन्ही हातांनी मशीन ओढून काढायचे. भांडं आपटलं तरी दचकायचे. एकदा म्हणाले, "एवढा गोंगाट आहे जगात? मग बहिरा होतो तेच बरं होतं." आणि डबी कपाटात ठेवून दिली. विसर्जनापर्यंत हात लावला नाही. मिस्टर म्हणाले, "राहू दे, जबरदस्ती नको. जयदेव घेईल वंदना." मला ते ऐकवेना. रोज मेणबत्ती लावताना मी मनात फक्त एवढंच म्हणायचे की त्यांना तिथून कुणी उठवू नये. उठायचं असेल तर स्वतः उठू देत.

पौर्णिमेला अण्णा पांढरे कपडे घालून निघाले. कान रिकामे. मी कपाटाकडे बघितलं, त्यांनी ते बघितलं आणि चपला घातल्या.

विहार भरलेला. भन्तेजी बाजूला बसलेले. जयदेव माइक हातात घेऊन आसनाजवळच उभा. अण्णा त्याच्यासमोर गेले, हात पुढे केला. जयदेव घुटमळला. मग त्याने माइक दिला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसला. अण्णांनी खिशातून डबी काढली आणि सगळ्यांच्या देखत, आमच्याकडे तोंड करून, एकेक मशीन कानामागे बसवली. रांगेत कुजबुज झाली.

"मला ऐकू येत नाही," अण्णा माइकवर म्हणाले. "म्हणून हे लावलंय. चुकलो तर चुकलो म्हणा. मागून हसू नका, आता ऐकू येईल."

मग वळून मूर्तीपुढे बसले.

पहिली ओळ घेतली. आम्ही म्हणायला लागलो आणि अण्णा पुन्हा आमच्यावर चढले. बटण! ते बटण दाबायचं विसरले होते. ओरडून सांगावं तर वंदना चाललेली. जयदेव अर्धा उठला.

अण्णा थांबले. आपणहून थांबले. हात कानामागे गेला, चाचपडला, दाबला. मग त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

ह्या वेळी आमचं होईपर्यंत ते थांबले. दुसऱ्या ओळीलाही थांबले. कधी जरा जास्तच थांबायचे, तेव्हा भिंतीवरच्या पंख्याचा आवाज यायचा. पाचवं शील आलं. ते सगळ्यात लांब, तिथेच म्हाताऱ्या मागे पडतात. सगळे म्हणून झाले तरी कोपऱ्यातल्या एका आजींचं एकटीचं चालू होतं. अण्णा त्यांच्यासाठीही थांबले. त्यांचा शेवटचा शब्द जमिनीला टेकल्यावरच त्यांनी पुढचं घेतलं. जयदेव कधी खाली बसला होता, ते मला दिसलंच नाही.

खीर वाटताना तो अण्णांजवळ आला. "अण्णा, कान मोठे झाले हो तुमचे."

"हो. आणि तू कुणाच्या दारात बोलायला गेलास ना, तर माझ्याकडे पाठ करून उभा राहत जा."

जयदेवच्या हातातला डाव तसाच राहिला. मग दोघेही हसायला लागले. जयदेवचं हसणं जरा ओशाळलेलं होतं. अण्णांनी त्याला तिथेच सांगितलं की मोठी सुत्तं आता तू घे, मला दम लागतो. त्रिशरण-पंचशील माझं.

घरी येताना मला म्हणाले, "तू पाचव्या शीलाला अर्धा शब्द गिळतेस."

"तुम्हाला माझा आवाज ओळखू आला?"

"गिळलेला ओळखू आला," म्हणाले. दारात पोचल्यावर वाकून चप्पल काढताना डाव्या कानातली मशीन बारीक शिट्टी वाजवायला लागली. ह्या वेळी ती त्यांनी स्वतः ऐकली. चेहरा आक्रसून कानावर हात ठेवला. रबराची टोपी सैल बसते, साचा झाल्याशिवाय ते थांबणार नाही.

उद्या सकाळी अण्णांच्या कानाच्या साच्याचं माप द्यायला बदलापूरला जायचं आहे.