दोन दिवसांची सूट

दाराची कडी तीनदा ओढून पाहिल्याशिवाय ती कामावर निघत नसे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चोरसुद्धा कंटाळून जाईल!" कंपनीतही तिचं काम राखणीचंच, दोनशे चौदा कॉम्प्युटरांवरचं अँटिव्हायरस सांभाळायचं. सकाळी पडद्यावरची यादी हिरवीगार दिसली की तिच्या जिवात जीव येई.

एकदाच ती पाघळली. नकाशे काढणाऱ्या काकांनी गळच घातली, "पोरी, तुझ्या त्या अँटिव्हायरसमुळे माझं मशीन गोगलगाय झालंय. दोन दिवस तरी बंद ठेव." तिने ते मशीन यादीतून काढलं. पुढे काका निवृत्त झाले, त्यालाही चार वर्षं झाली.

आजही यादी हिरवीगार होती. तेवढ्यात नकाशे विभागातून फोन आला.

"ताई, एकही फाइल उघडत नाहीये."

"कुणाच्या मशीनवर?"

"सगळ्यांच्याच."

तिने हिरवे ठिपके मोजले. दोनशे तेरा. ती धावत सुटली.

काकांच्या रिकाम्या टेबलाखाली ते मशीन अजून घरघरत होतं. त्यावरची चिठ्ठी पिवळी पडली होती: "दोन दिवस कुणीही हात लावू नये." खाली सही तिचीच होती.