नानींचं नाक
सुकापूरच्या आमच्या सोसायटीत नाना जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत. लोकांना वाटे, दम लागला. नाना दारांच्या फटींशी वास घेत असत. "इथं गॅस नाय, बांगडा हाय," असं म्हणून पुढे चढत.

उरणच्या कोळी घरातले नाना बंदरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन इथे राहायला आले होते. त्यांच्या पत्नीला, नानींना, एका तापानंतर वासच येईनासा झाला होता. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटला आणि नानी शेजारी बसून भाजी निवडत राहिल्या. नाना वेळेवर पोचले. त्यानंतर नाना घरात असल्याशिवाय नानी गॅस पेटवत नसत. "तिचं नाक मीच हाय," नाना म्हणत. "पन मी किती दिस पुरनार?"

म्हणून त्यांनी वरून काच असलेली विजेची शेगडी आणली. पण ती लावली की घरातला फ्यूज जाई. इमारतीची जुनी केबल बदलायला हवी होती आणि त्याला सगळ्यांची संमती लागणार होती.

मी सेक्रेटरी होतो. पाइपचा गॅस यावा म्हणून मी तीन वर्षं खेटे घातले होते. तो येऊन वर्ष होत नाही तोच हा माणूस वीज मागतो, याचा मला राग आला. इतरांची कारणं साधी होती. लाइट गेली तर उपाशी राहायचं का? वांगं कशावर भाजायचं? दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "नाना, त्या काचेवर भाकरी फुगते का हो?"

"रविवारी सभेत बघा," नाना म्हणाले.

तळमजल्याच्या हॉलमध्ये वायरिंग नवी होती. तिथे नानी तांदळाची भाकरी थापत होत्या, नाना भाजत होते. पहिली भाकरी टम्म फुगली. वहिनींनी तुकडा मोडून शेजारणीला दिला. सभेचं मत फिरतंय, हे मला कळलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो, मीटरच्या खोलीचं कुलूप काढलं आणि मेन स्विच खाली ओढला.

"घ्या, गेली लाइट," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी परतलो तेव्हा नाना अर्धकच्ची भाकरी हातात घेऊन उभे होते. "लाइटीचा भरवसा नाय, हे खरं," ते म्हणाले आणि ती भाकरी तशीच खाऊ लागले. केबलचा ठराव पडल्यावर मी स्विच वर केला.

महिन्याभरात दोघं चिरनेरला, नानींच्या माहेरी निघून गेली. तिथे घरात माणसं होती. टेम्पो निघताना नाना म्हणाले, "साहेब, जिन्यात वास घेत जा. आता मी नाय."

गेल्या वर्षी नाना वारले. अजूनही लाइट गेली की आमच्याकडे कुणीतरी म्हणतं, "नानांची भाकरी राहिली." मीही हसत आलो. यंदा सोसायटीने केबल बदलली आणि जुना सेक्रेटरी म्हणून नारळ माझ्या हातून फोडवला. दुसऱ्या दिवशी मी चिरनेरला गेलो.

नानी एकट्याच विजेच्या शेगडीवर भाकऱ्या भाजत होत्या. मी स्विचचं सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ते शेवटपर्यंत बोलायचे," त्या म्हणाल्या, "माजीच येळ चुकली. दुसऱ्या कुठल्या दिशी सभा मागितली असती तं झालं असतं."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"करपत तं नाय ना?" त्यांनी विचारलं. "वास घ्या जरा."

मी पुढे वाकलो आणि वास घेतला.