खाच नसलेला सांधा

गिरगावात फणसवाडीतल्या आमच्या घरी सगळे पुरुष कचेरीत कारकून. मी तेवढा यंत्रांचे नकाशे काढायला शिकलो. चिंचपोकळीजवळ बर्फाचा कारखाना निघाला तेव्हा एकोणिसावं शतक सरत आलं होतं. तिथल्या गोऱ्या साहेबाने मला ठेवून घेतलं.

तिथे लोखंडी नळ्यांतून अमोनिया फिरे. नळ्या मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडवलेल्या असत; त्या गार पाण्यात गोड्या पाण्याचे डबे सोडले की बर्फ जमे. दुखणं होतं ते सांध्यांचं. नळ्या इतक्या दाटीने बसवल्या होत्या की दोन नळ्यांची टोकं जोडणाऱ्या चार बोल्टांच्या मोठ्या चकत्यांभोवती पाना फिरत नसे. मग सांधा अर्धवट आवळला जाई, अमोनिया सुटे आणि माणसं डोळे चोळत बाहेर पळत.

सांधे जोडणारा फिटर वरळीच्या कोळीवाड्यातला होता. त्याचे भाऊ होडीवर जात, हा एकटाच लोखंडात पडला होता. अक्षरओळख नव्हती, पण नकाशा माझ्याइतकाच वाचायचा. मी चकती लांबट अंड्यासारखी केली, चाराऐवजी दोनच बोल्ट ठेवले, म्हणजे अरुंद जागेत ती मावली. तरी गळती अडवायला दोन चकत्यांमध्ये घातलेलं शिशाचं कडं दाबाने बाहेर सरके. ते पाहून तो म्हणाला, "भाऊ, शिशाला पळायला वाटच ठेवू नका." एका चकतीत गोल खाच पाडायची, दुसरीला तिच्यात बसेल असा कंगोरा ठेवायचा आणि कडं खाचेत घालून आवळायचं, ही कल्पना त्याची. मी फक्त ती कागदावर उतरवली. त्याने लेथवर एक जोड करून बसवला. उन्हाळाभर तो सांधा गळला नाही.

साहेबाने सगळे सांधे तसेच करायला सांगितले. पण एकेक खाच पाडायला वेळ लागतो हे दिसल्यावर तो उतावीळ झाला. मला बोलावून म्हणाला, खाच काढून टाक, चकत्या सपाट कर, मध्ये रबर घाल. रबर थंडीने कडक होईल आणि सांधा सुटेल, असं मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सपाट चकत्यांचा नवा कागद काढून दिला. फिटरने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला.

आठवडाही गेला नसेल. तो हौदावर वाकला असताना एका सांध्याचं रबर सुटलं आणि अमोनिया थेट त्याच्या तोंडावर आला. आम्ही त्याच्या डोळ्यांवर घागरीमागून घागर पाणी ओतलं. एक डोळा गेला. दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळे.

चौकशीला कोटातल्या कचेरीतून मालकांची दोन माणसं आली. फिटरला त्याच्या बायकोने हाताला धरून आणलं, डोळ्यांवर पट्टी होती. साहेबाने टेबलावर नकाशा पसरला. नकाशात खाच असताना याने सपाट चकत्या का केल्या, असं त्याने विचारलं. फिटर म्हणाला, दुसरा कागद होता, त्यात खाच नव्हती. साहेबाने नकारार्थी मान हलवली. तेव्हा फिटरने माझा श्वास ओळखल्यासारखं माझ्याकडे तोंड केलं.

"भाऊ, टेबलावर कंचा कागद आहे?"

दुसरा कागद साहेबाच्या खणात होता. मला ते ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे साहेबालाही.

"खाचेचा," मी म्हणालो.

खोटं काहीच बोललो नाही. त्याने तोंड फिरवलं. मग बायकोला म्हणाला, चल.

त्याला काढून टाकलं. साहेबाने गुपचूप सगळ्या सांध्यांना खाचा पाडून घेतल्या. कारखान्यातले लोक त्या सांध्याला साहेबाचा सांधा म्हणू लागले. पुढच्या वर्षी मी मुख्य नकाशानवीस झालो. घरी वडिलांनी पेढे वाटले, त्यातला एक मीही खाल्ला.

मग एकदा वरळीला गेलो. तो ओट्यावर बसून हाताने चाचपत फाटकं जाळं सांधत होता. बायको आतून आली, मला पाहून परत आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, आता सांधे गळतात का. मी नाही म्हणालो.

"मग बरोबर होतं आपलं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

त्याची विचारपूस करायला आलोय, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. खरं तर त्याने चार शिव्या घालाव्यात आणि मला मोकळं करावं म्हणून गेलो होतो. त्याने तेवढंही केलं नाही. 'आपलं' म्हणाला.