दळ नव्हे, दाळ

अन्याय झाला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामींवर. मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, चेन्नईत गिंडीतल्या एका थंडगार खोलीत. मी शेजारी उभी होते, म्हणून ठणकावून सांगते.

मामींचं घराणं तंजावरी मराठी. त्यांच्या पणजीची मोडीत लिहिलेली पाककृतींची वही होती. आमच्या वेलचेरीत पुराचं पाणी भरलं त्या वर्षी मामींनी ती गच्चीत वाळत घातली आणि कुणीतरी ती रद्दीत दिली. पुढं पंपांच्या एका बड्या कारखानदाराचा फोटो पेपरात आला. त्याला दुर्मीळ पुस्तकांचा नाद. फोटोत त्याच्या हातात मामींची वही होती. हळदीच्या बदकासारख्या डागावरून त्यांनी ती ओळखली. पेपरात मात्र छापलं होतं : प्राचीन युद्धशास्त्राचा ग्रंथ.

मामींना वही परत नको होती. नातीचं लग्न पुढच्याच तै महिन्यात, पोंगल झाल्या झाल्या, पानात पणजीची आंबट दाळ हवी, आणि फोडणीनंतर काय घालायचं तेच त्या विसरल्या होत्या. मागच्या खेपेला अंदाजानं घातलं, तर मामांनी दही मागितलं होतं. एवढ्यासाठी आम्ही शेअर ऑटोनं गिंडीतली त्याची ग्रंथसंग्रहाची खोली गाठली.

वही काचेच्या पेटीत उघडी होती. खाली इंग्रजी पाटी, तिचा मतलब असा : ‘सैन्याचं दळ वाटून घ्यावं, मग तट फोडावा.’ मामींनी काचेला नाक लावलं, वाचलं आणि इतक्या हसल्या की पहारेकरी उठून उभा राहिला.

“दळ नव्हे गे, दाळ,” त्या मला म्हणाल्या. “दाळ वाटून घ्यावी. मग फोडणी.”

मी पुण्याची, आमच्याकडं ती डाळ. मोडी वाचणारे विद्वानही आमच्याकडचेच असणार. काना पुसट झालेला, त्यांनी दाळीची फौज केली आणि फोडणीवरून तट फोडला. ‘घ्यावी’ समोर होतं, ते जुनं व्याकरण म्हणून सोडून दिलं. पाट्यावर वाटायची वस्तू त्यांनी तुकड्यांत वाटली!

कारखानदार स्वतः आला. साठीचा, पांढरे हातमोजे, बोलायला गोड. मामींनी त्याला ‘तंबी’, म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारली आणि तमिळमध्ये सगळं समजावलं. तो पांढराफटक पडला. कारण या ओळीवरूनच त्यानं विक्रीखात्याच्या चार तुकड्या केल्या होत्या, दर सोमवारी मॅनेजरांना उभं करून ती वाचून दाखवत होता. आणि पंप खरोखर जास्त खपले होते.

पान फोडणीवरच संपत होतं, म्हणून मामींनी फक्त ते उलटायला सांगितलं. त्यानं मान हलवली. पान वर्षातून एकदाच उलटतात, म्हणाला, एप्रिलमध्ये तमिळ नववर्षाला, तज्ज्ञांसमोर. नाहीतर शिवण सुटेल. लग्न त्याच्या आधी आहे, असं मी म्हटलं. त्यानं लग्नाला शुभेच्छा दिल्या.

मी चिडून म्हणाले, आमटीची वही आहे, तुमच्या काय कामाची?

“अम्मा, युद्धाचे ग्रंथ माझ्याकडे बरेच आहेत,” तो मामींकडं वळून हळूच म्हणाला. “आमटीचा हा एकच.”

त्यावर मामी उलट खूश झाल्या, हा आणखी वेगळा संताप. परतताना ऑटोत त्या त्याचीच बाजू घेत होत्या : पोरगा बरा आहे, हात स्वच्छ ठेवतो.

मी स्वच्छ हातांची बाजू घेणार नाही. दाळ शिजून तयार व्हायची असेल तर पान उलटलं पाहिजे. पाटी बदलली म्हणतात. आता तिथं ‘आमटीशास्त्राचा प्राचीन ग्रंथ’ लिहिलंय. पान तेच.

तेव्हा तुम्ही गिंडीला जा. ती खोली सकाळी सगळ्यांना फुकट उघडी असते. काचेसमोर उभे राहा, पहारेकऱ्याला नमस्कार करा, आणि तो कंटाळेपर्यंत एकच म्हणा : पान उलटा. फोडणीनंतर काय घालायचं ते वाचून घ्या आणि आम्हाला येऊन सांगा. मोडी येत नसेल तर मामींना सोबत न्या. पण आजच जा.