दहाची पट्टी सहावर

घाटकोपरला माझा छोटा गाळा आहे. कन्व्हेयरच्या साखळीखाली बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आम्ही कापून देतो. साखळी थेट लोखंडावर घासली तर दोन्ही खराब होतात, म्हणून मध्ये पट्टी. झिजायचं ते तिने.

मुलुंडच्या पुढे कोंबडीचं मांस कापून पॅक करणारा एक कारखाना आहे. माझा शाळेतला मित्र तिथे मॅनेजर. त्यांना पट्ट्या पुरवणारा माणूस धंदा बंद करून गावी गेला, तेव्हा मित्राने मला बोलावलं. दुपारी लाइन धुण्यासाठी थांबली आणि आम्ही जुनी पट्टी सोडवली.

"अशीच पांढरी दे," तो म्हणाला. "टाइल्स पांढऱ्या, कोट पांढरे, टोप्या पांढऱ्या. तपासणीला येणाऱ्यांना पांढरं बघून बरं वाटतं."

मी कॅलिपर लावला. बसवताना पट्टी दहा मिलिमीटरची होती. आता सहा भरली. दुसऱ्या टोकाला मोजली, तिथेही सहा.

"बघ किती चालली. झकास माल होता."

"चार मिलिमीटर गेले कुठे?"

"झिजले रे. झिजायलाच असते, तूच सांगतोस ना सगळ्यांना."

"झिजून गेले कुठे?"

"पाण्याबरोबर गटारात. आणखी कुठे जाणार?"

गटाराच्या तोंडावरची जाळी उचलून पाहिली. चरबी आणि कातडीचे तुकडे. त्यात प्लास्टिक असेलही, पण दिसेना. मग मी साखळी वळते त्या टोकाला गेलो. कड्यांच्या फटींत केसासारखा बारीक पांढरा कीस चिकटला होता. तिथून साखळी वर येते आणि वर कोंबडीचे तुकडे असतात.

"आपल्याकडे डिटेक्टर आहे," तो म्हणाला.

"तो लोखंड पकडतो. प्लास्टिक नाही."

मी फटीतला एक धागा काढला, मित्राला पाठ फिरवायला सांगितली आणि थाळीतल्या तंगडीवर ठेवला.

"आता शोध."

त्याने चष्मा पुसला, तंगडी दिव्याखाली धरली, फिरवली. सापडेना. ठेवला होता मी, पण आता मलाही सापडेना. शेवटी कातडीवरून अंगठा फिरवता फिरवता तो थांबला. नखाने धागा उचलला.

"बाकीचे कारखाने निळी पट्टी का घेतात, कळलं?" मी म्हणालो. "कोंबडीत निळं काही नसतं."

"एकूण किती गेलं असेल?"

लांबी, रुंदी आणि ते चार मिलिमीटर, मी मनात गुणून पाहिलं. आकडा पटेना म्हणून पुन्हा गुणलं.

"एक बादली."

"काय बोलतोस यार."

"सगळं मांसात गेलं नसेल. बरंचसं धुण्यात गेलं असेल. किती, ते मला सांगता येणार नाही."

बाहेर दुपारची गाडी भरून तयार होती. तिचं इंजिन आत ऐकू येत होतं.

"हॉटेलवाले वाट बघतायत," तो म्हणाला. "शेठ मला उभा जाळेल."

त्याने धागा टेबलावर ठेवला आणि गेटवर फोन लावला.

"गाडी सोडू नको. माल उतरव."

पलीकडच्याने कारण विचारलं असावं. त्याने टेबलावरच्या धाग्याकडे पाहिलं.

"दिसत नाही म्हणून," तो म्हणाला. "उतरव तू."