सरूबाईचा अर्धा वाटा

सरूबाईला अख्खी वस्तू एकटीनं खाता येत नाही, हे शहागंजच्या भाजीबाजारात तिच्याकडून तीस वर्षं मेथी नेणारं कुणीही सांगेल. चहा आला की अर्धा बशीत ओतून शेजारणीपुढं. या सवयीपायी तिचा मुलगा गोकुळ जन्मभर वैतागला, पण त्या दिवशी तो हबकलाच.

तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. केमोनं गाठ आटते, पण तिच्यातल्या काही मूळपेशी चिवटपणे उरतात आणि गाठ पुन्हा वाढवतात. त्यांच्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. गुण येईलच असं नाही.

"म्हंजी हरळीच की," सरूबाई म्हणाली. "वरून खुरपली, जमिनीतल्या काशा तशाच. द्या औषध."

तिला चाचणीत घेतलं. केमोला शेजारच्या खाटेवर असायची ती दौलताबादची भामाबाई. तिला मात्र घेतलं नाही. सरूबाईला रोज दोन गोळ्या. गोकुळ स्वतः तिच्या हातावर ठेवायचा आणि वहीत खूण करायचा.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं सरकवला. गेल्या महिन्यातल्या रक्तात औषध निम्मंच होतं.

"शक्यच नाय साहेब! मी सोता देतो."

सरूबाईनं कमरेची चंची सोडली. आत चार गोळ्या. "एक मी घ्यायचे, एक भामाला ठेवायचे, केमोला आले की द्यायचे. तिला तुमी नाय म्हणलात. जीव तिलाबी हायच ना? ह्या चार द्यायच्या राह्यल्या."

"माय, येडी का काय तू!" गोकुळ ओरडला. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"भामाबाईंनी किती दिवस घेतल्या?"

"जाईस्तोवर." भामाबाईला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

"मावशी, त्यांचं यकृत फार खराब होतं. हे औषध त्यांना झेपलं नसतं, म्हणूनच चाचणीत घेतलं नव्हतं."

"मंग ती माज्या गोळ्यांनी गेली?"

"आजारानंही असेल. आता सांगता येणार नाही."

सरूबाईचं नाव आता चाचणीतून निघणार, हेही डॉक्टर बोलले. गोकुळ गयावया करू लागला. तिचं तिकडं लक्षच नव्हतं. दहाव्याला भामाबाईचा मुलगा शिवम तिच्या पाया पडला होता. 'मावशी, माझ्या मायला तुमीच जपलं,' म्हणाला होता.

ती खुर्चीला धरून उठली.

"गोकुळ, गाडी काढ. दौलताबादला जायचं. शिवमला मीच सांगते."